जागा आहे का?

रविवारी दुपारी जेवणानंतर मी जो आडवा होतो, त्याला आमच्या घरात ‘बाबांचं वाचन’ असं म्हणतात. छातीवर वर्तमानपत्र उघडं असतं, त्यामुळे ते अगदीच खोटं म्हणता येणार नाही. त्या रविवारी वाचन ऐन रंगात असताना फोन वाजला. बायकोने उचलला, दोन शब्द बोलली आणि “घ्या, लेक आहे तुमची” म्हणून माझ्या कानाला लावून तिथेच उभी राहिली. माझा एक कान जरा हट्टी असल्यामुळे आमच्या फोनचा आवाज कायम मोठा ठेवलेला असतो. त्यामुळे आमच्या घरातलं खासगी बोलणं निदान तीन घरांना कळतं.

तिकडून गाड्यांची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं, आणि त्या सगळ्या गोंधळातून मुलीचा आवाज आला.

“बाबा, जागा आहे का?”

मी ताडकन उठून बसलो. वर्तमानपत्र जमिनीवर गेलं.

“आहे!” मी म्हणालो. “आहे की! म्हणजे काय! नसायला काय झालं?”

ती हसली. मग काहीतरी भराभर बोलली, त्यातला ‘घर’ एवढा एकच शब्द मला नीट ऐकू आला, आणि फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. संध्याकाळी तिचा निरोप आला की ती प्रवासात आहे, दीड महिन्याने दोन दिवस येते आहे, बाकीचं प्रत्यक्षच सांगेल.

आता मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. गेली अडतीस वर्षं लोकांच्या मजकुरातले गळालेले काने, मात्रा आणि वेलांट्या शोधून त्यांच्या जागी बसवणं हा माझा धंदा. तुटक्या मजकुरावरून लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं हे ओळखण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी नव्हे, आमचे मालकच म्हणतात. ‘जागा आहे का’, ‘घर’ आणि ‘येते आहे’, एवढा मजकूर मला पुरेसा होता. ‘दोन दिवस’ हे आधी खोली बघून जाण्यापुरते असणार. मुलगी परत येत होती. सात वर्षं लांबच्या शहरात पुलांची तपासणी करत फिरून तिला पुरे झालं होतं, आणि तिने आधी बापाला विचारलं होतं. मी बायकोला तसं सांगितलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “तुम्हाला असं वाटतं?” मी म्हणालो, “वाटायचं काय त्यात?” त्यावर ती वर्तमानपत्राची घडी घालायला लागली.

घोडं अडलं ते एका किरकोळ मुद्द्यावर. जागा नव्हती.

आमची वसाहत महायुद्ध संपल्या संपल्या घाईघाईने बांधलेली आहे. लढून परत आलेल्या माणसांना राहायला घरं हवी होती, सरकारला ती पटकन द्यायची होती, आणि सगळ्यांचाच असा समज होता की पंधरा-वीस वर्षांनी ही पाडून नीट घरं बांधता येतील. ती नीट घरं अजून यायची आहेत. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर कौलांचं उतरतं छप्पर आणि पुढे एक खाट मावेल एवढी बाग, अशी एका साच्यातली चारशे घरं. इथे राहायला आलो त्या वर्षी मी दोनदा भलत्याच घरात शिरून, चपला काढून, चहा मागितला होता. एकदा तो मिळालाही. पण इथून शहराचा मधला भाग चालत वीस मिनिटांवर आहे. छापखाना, बाजार, वाचनालय, दवाखाना, सगळं पायाखालचं. लग्न झालं तेव्हा आम्हाला परवडेल असं शहराच्या इतकं जवळ दुसरं काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला दुसरं काही नकोही होतं.

मागची खोली मुलीची. ती गेल्यावर महिनाभर आम्ही त्या खोलीचं दार लोटून ठेवलं होतं. मग एक दिवस बायकोचं शिलाई मशीन आत गेलं, पाठोपाठ कापायचं टेबल, मग लोकांचे आल्टर करायचे कोट आणि फ्रॉक. बायको म्हणते जागेची अडचण होती. अडचण वगैरे काही नव्हती. रिकामी खोली बघवत नव्हती म्हणून आम्ही ती भरून टाकली.

“मशीन मी स्वयंपाकघरात घेते,” बायको म्हणाली.

“एकतीस वर्षांच्या बाईला कोटांच्या गर्दीत झोपवणार?” मी म्हणालो. “तिला स्वतंत्र खोली हवी. माळ्यावर काढू.”

हे वाक्य पुरतं संपायच्या आत शेजारच्या भूगोलबाई दारात हजर झाल्या. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या आहेत. आमच्या दोन घरांमधली भिंत इतकी पातळ आहे की मी शिंकलो तर त्या तिकडून “सर्दी झाली का?” म्हणून विचारतात.

“माळ्यावर काढताय ते उत्तम,” त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. “पण पूर्वेला खिडकी नको. सहा वीसला ऊन डोळ्यावर येईल. पश्चिमेला काढा. पश्चिमेला शहर दिसतं.”

“महापालिकेची परवानगी लागेल का हो?”

“परवानगी तर दाराला रंग द्यायलासुद्धा लागते. ऐतिहासिक वसाहत आहे आपली.”

पाडून टाकायची राहून गेलेली घरं ऐतिहासिक कधी झाली, हे मला कळलंच नव्हतं.

महापालिकेत बांधकाम परवानगीची खिडकी चौथी. तिच्यामागे बसणाऱ्या गृहस्थांचं नाव काय ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात त्यांना ‘चार नंबर’ असंच म्हटलं जातं. खिडकीतून त्यांचा छातीपासून वरचा भाग तेवढा दिसतो, आणि तेवढाच असावा असं मला बरेच दिवस वाटत होतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला सहा पानी अर्ज दिला. मी तो घरी नेला, सुवाच्य अक्षरात भरला आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत सरकवला. त्यांनी पहिलं पान बघितलं आणि अर्ज परत माझ्याकडे सरकवला.

“खाडाखोड आहे.”

“कुठे?”

त्यांनी बोट ठेवलं. अर्जात ‘आवश्यक’ हा शब्द ‘आवशक्य’ असा छापलेला होता. तो मी सवयीने समासात खूण करून दुरुस्त केला होता. पुढे ‘परीशिष्ट’ची पहिली वेलांटीही ऱ्हस्व केली होती. एकूण अकरा दुरुस्त्या.

“पण छपाईच चुकीची आहे,” मी म्हणालो.

“छपाई महापालिकेची आहे. तुम्ही फक्त रिकाम्या जागा भरायच्या.”

दुसरा अर्ज मी हात बांधून वाचावा तसा वाचला. ‘आवशक्य’कडे न बघता पुढे जाताना काय होत होतं ते माझं मलाच माहीत. तो अर्ज पहिल्या पानावर पास झाला आणि तिसऱ्यावर अडला.

“खोलीचा उद्देश,” चार नंबर वाचू लागले. “‘मुलगी’. मुलगी हा उद्देश नसतो.”

“मग काय असतो?”

“तीन असतात. निवास, व्यवसाय, साठवण. मुलगी यातल्या कशात बसते?”

“अर्थात निवास.”

“मग राहणाऱ्या व्यक्तीची सही आणा. शिवाय हमीपत्र, की ती तिथे किमान एक वर्ष राहील.”

मागच्या माणसाने मला कोपराने ढोसलं तरी हललो नाही. सही आणायची म्हणजे मुलीला विचारायला हवं होतं, आणि ते सोडून मी काहीही करायला तयार होतो. न विचारता ती येत होती. विचारलं असतं तर तिला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर काही एकाच प्रकारचं नसतं. सात वर्षांत मी तिला एकदाही “परत येतेस का?” असं विचारलेलं नाही, आणि प्रत्येक फोन ठेवताना ते विचारायचं राहिलं असं वाटलेलं आहे.

“साठवण करा,” मी म्हणालो.

“काय साठवणार?”

“घरगुती.”

चार नंबरांनी ‘घरगुती वस्तू’ असं लिहून शिक्का मारला. अशा रीतीने आमची एकुलती एक मुलगी महापालिकेच्या दप्तरात घरगुती वस्तू म्हणून दाखल झाली. त्यांनी कपाटातून घराच्या मूळ नकाशाची एक प्रत काढून दिली, नियमांचा कागद जोडला आणि “काम झालं की पाहणीला येऊ” असं म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं.

सुतार आमच्याच मागच्या गल्लीतला. अत्यंत कमी बोलणारा आणि कागदावर श्रद्धा असलेला माणूस. कुठलाही प्रश्न विचारला की तो “कागद काय म्हणतो?” एवढंच म्हणतो. कागद माझ्या हातात होता. मी नकाशावरचं अक्षर न् अक्षर वाचून काढलं होतं, त्यातल्या दोन चुकाही मला सापडल्या होत्या, पण या वेळी मी शहाणपणाने त्यांना हात लावला नव्हता. नकाशाप्रमाणे जिना पुढच्या दाराजवळ उतरायला हवा होता. आम्ही दोघं शिडी लावून माळ्यावर चढलो. मी विजेरी धरली आणि वाचून दाखवलं, “धुराड्यापासून सहा फूट उजवीकडे.”

सुताराने मोजलं, खूण केली आणि करवत लावली.

सांगायची गोष्ट अशी की वसाहतीतली अर्धी घरं सरळ आहेत आणि अर्धी उलटी, म्हणजे आरशात बघितल्यासारखी. आमचं घर सरळ. चार नंबरांनी दिलेला नकाशा उलट्याचा. ही गोष्ट कुणाच्याही ध्यानात आली असती. पण माझी हयात छापखान्यात शिशाच्या खिळ्यांची उलटी अक्षरं सरळ वाचण्यात गेली आहे. उलटं मला उलटं दिसतच नाही.

खाली बायको स्वयंपाक करत होती. तिने वर बघितलं तेव्हा तिला आधी भुशाची धार दिसली, मग फळीचा तुकडा, मग सुताराचा पाय, आणि शेवटी भोकातून माझा चेहरा. भोक बरोबर शेगडीच्या बाजूला, पातेल्याच्या डोक्यावर पडलं होतं.

“नुसतं मीठच घालायचं राहिलं होतं,” ती पातेल्यात बघत म्हणाली. “आता काहीच राहिलं नाही.”

भूगोलबाई आल्या. त्यांनी नकाशा हातात घेतला, एकदा फिरवला, आणि म्हणाल्या, “उलट्या घराचा आहे. उत्तर कुठे आहे बघा की.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“मला नकाशा दाखवला कुठे? नकाशा सोडून बाकी सगळं विचारलंत.”

मी शरमेने लाल झालो. सुतार भिंतीला टेकून, सगळा दोष कागदाचा असल्याच्या शांतपणे विडी ओढत होता. भोक बुजवून दुसरं पाडायचं तर आठवडा जाणार होता. मी बायकोकडे बघायचं टाळत होतो. इतक्यात तीच म्हणाली, “राहू दे जिना इथेच.”

“स्वयंपाकघरात?”

“भूक लागली की सरळ खाली उतरेल,” ती म्हणाली, आणि पातेलं घेऊन मागच्या दारी गेली. बराच वेळ आत आली नाही.

यानंतर खिडकीचा प्रश्न आला. साठवणीच्या खोलीला खिडकी चालत नाही, फक्त झरोका चालतो, आणि तोही जमिनीपासून पाच फूट उंच. आमचा माळा मधोमध जेमतेम साडेसहा फूट. पाच फुटांवरच्या झरोक्यातून मुलीला आकाशाशिवाय काही दिसणार नव्हतं. मी नियमाचा कागद सुताराला तीनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने महिन्याभरातलं सगळ्यात लांब वाक्य उच्चारलं.

“साहेब, कागद जमिनीबद्दल बोलतो, पलंगाबद्दल बोलत नाही.”

आणि त्याने तीन फूट उंचीचा एक पलंग भिंतीतच बसवून दिला. त्यावर बसलं की झरोका बरोबर डोळ्यांसमोर. नियम जमिनीवर, माणूस वर.

पण वर छप्पर उतरतं. बसल्यावर डोकं आपटेल का? त्यासाठी मुलीची नेमकी उंची हवी होती. मी फोन लावला.

“तुझी उंची किती?”

“बाबा, तू बरा आहेस ना?”

“उंची सांग.”

“पाच फूट चार. शाळेत होती तेवढीच. का?”

“सहज. आणि तुला डाव्या कुशीवर झोपायची सवय आहे की उजव्या?”

“आईला फोन दे,” ती म्हणाली. बायकोने फोन घेतला, आणि माझ्यादेखत, मोठ्या आवाजात, “काही नाही गं, वय झालं त्यांचं” असं सांगितलं. भिंतीपलीकडून भूगोलबाईंचं हसणं ऐकू आलं. अपमान गिळून मी त्यांनाच बोलावलं, कारण त्याही पाच फूट चार. त्या चष्म्यासकट पलंगावर चढल्या, बसल्या, आडव्या झाल्या, पुन्हा बसल्या.

“घड्याळाचा मनोरा दिसतो,” त्यांनी खाली जाहीर केलं. “नदीवरचा पूल दिसतो. डोकं आपटत नाही. उठताना जरा डावीकडून उठायचं.”

मी म्हटलं, “झालं. उतरा आता.”

त्या उतरल्या नाहीत. झरोक्यातून बाहेर बघत तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “आमचा माळ्यावरच झोपायचा. शिडी लावून.” त्यांचा मुलगा समुद्रापलीकडे असतो, हे मला माहीत होतं. तो माळ्यावर झोपायचा हे माहीत नव्हतं. पातळ भिंतीतूनही काही गोष्टी ऐकू येत नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी छापखान्यातून परत येताना मी आमच्या गल्लीकडे नीट बघितलं. कधीकाळी या वेळेला इथून चालताना दहा सायकली चुकवाव्या लागत. प्रत्येक कुंपणावर कुणाचा तरी स्वेटर लटकलेला असे आणि कुठली आई कुणाला जेवायला बोलावते आहे ते आवाजावरून कळत असे. आता सहा वाजता पानांचा आवाज येतो. ज्यांना इथे राहायचं आहे त्या आमच्या मुलांना इथलं घर परवडत नाही, आणि ज्यांना परवडतं ते शहराजवळ जागा मिळाली म्हणून आनंदाने घेतात, परवानगी कुठून आणतात कोण जाणे, पण आधी घर पाडतात आणि मग मोटार ठेवायला दार करतात. मला वाटलं, निदान एका घरात तरी कुणी परत येतं आहे. मी बाजारातून पिवळ्या रंगाचा डबा घेतला आणि खोलीला आतून रंग दिला. तो रंग द्यायला परवानगी लागते का, हे मी विचारलं नाही.

मुलगी शनिवारी सकाळी आली. एक लहानशी पिशवी खांद्याला होती. मी तिच्या मागे रस्त्यावर बघितलं.

“बाकीचं सामान?”

“एवढंच आहे.”

मी म्हटलं, मागून येणार असेल. ती आईला मिठी मारून स्वयंपाकघरात गेली आणि जिन्यासमोर थबकली. मग तिने काय करावं? बोटाच्या पेराने जिन्याच्या कडा ठोकून बघितल्या, खाली वाकून जोड तपासले, एका पायरीवर उभी राहून दोनदा उडी मारली.

“चुकीच्या ठिकाणी आहे,” ती म्हणाली. “पण मजबूत आहे. कुणी बांधला?”

“वर जाऊन तर बघ,” मी म्हणालो.

ती वर गेली. मी मागोमाग. आणि बायको जिन्याच्या मधल्या पायरीवर. मी पलंग दाखवला, झरोका दाखवला, मनोरा दाखवला, डावीकडून उठायचं कसं ते करून दाखवलं. ती पिवळ्या भिंतीवर हात ठेवून उभी राहिली.

“हे कुणासाठी, बाबा?”

“कुणासाठी म्हणजे? तूच विचारलंस ना, जागा आहे का म्हणून.”

“मी कधी विचारलं?”

“त्या रविवारी. फोनवर. दुपारी.”

तिने कपाळाला आठ्या घालून आठवलं. मग तिचे डोळे मोठे झाले.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मी ‘जागा आहेस का’ असं विचारलं होतं. तू त्या वेळी झोपलेला असतोस ना, म्हणून.”

एक स. अडतीस वर्षं मी जगभराचे गळालेले स शोधले, आणि माझ्या स्वतःच्या मुलीच्या तोंडचा एक स माझ्या कानातून निसटला, आणि त्या जागी मी जिना, पलंग आणि झरोका बसवून टाकला.

“आणि ‘घर’ म्हणालीस ते?” मी विचारलं.

“घर घेतलंय मी, तिकडे. तेच सांगायचं होतं. तुला पहिल्यांदा.” ती पलंगावर बसली. “चौदावा मजला. ऑफिसपासून दीड तास लांब. जवळचं काही परवडेना. सहा महिने शोधत होते, बाबा. मला आपल्यासारखी गल्ली हवी होती, जिथून चालत कुठेही जाता येतं. कुठेच मिळाली नाही.”

“अभिनंदन,” मी म्हणालो. छापखान्यात कुणाला बढती मिळाली की मी ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात. मला खूप वाईट वाटलं. आनंद व्हायला हवा होता आणि झाला नाही, याचंही वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी बायकोकडे वळलो.

“तू होतीस ना तिथे उभी? तुलाही ‘आहे’च ऐकू आलं ना?”

“नाही,” बायको पायरीवरून म्हणाली. “मला ‘आहेस’ ऐकू आलं होतं. स्वच्छ.”

“मग दीड महिना बोलली का नाहीस?”

“तुम्ही ‘आहे’ म्हणालात ते ऐकलं ना मी.” तिने पदराने जिन्याच्या कठड्यावरचा नसलेला भुसा पुसला. “इतक्या आनंदाने म्हणालात. मला वाटलं, असूच दे. नाही आली तरी जागा असू दे.”

प्रवासाने मुलीचे डोळे मिटत होते. “मी इथेच जरा पडते,” ती म्हणाली, आणि डाव्या कुशीवर झोपली. आम्ही दोघं चोरपावलांनी खाली उतरलो. तीन वाजेपर्यंत बायकोने एकही भांडं वाजू दिलं नाही.

तीन वाजता दार वाजलं. दारात चार नंबर उभे होते. त्यांना पाय आहेत हे मला त्या दिवशी कळलं. त्यांच्या हातात जाडजूड नियमपुस्तक होतं आणि पाठीमागे कुंपणाला टेकवलेली सायकल.

“पाहणी,” ते म्हणाले. “साठवण.”

मी काही बोलायच्या आत ते जिना चढून वर गेले. अर्ध्या मिनिटात पाय न वाजवता उतरले.

“वर काय साठवलंय?” त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

“घरगुती.”

“ती वस्तू घोरते आहे.”

बायकोने शेगडीकडे तोंड केलं.

“तिथे कुणी राहतं का?” चार नंबरांनी विचारलं. “खरं सांगा. राहत असेल तर परवानगी रद्द, जिना काढावा लागेल.”

दीड महिना मी याच प्रश्नाला मनात रोज ‘हो’ म्हणत आलो होतो. पायऱ्या मोजताना, रंग देताना, कामावर जाताना.

“नाही,” मी म्हणालो. “इथे कुणी राहत नाही.”

“लिहून द्या.”

त्यांनी कागद पुढे केला. मी लिहिलं, ‘सदर खोलीत कोणीही राहत नाही.’ सवयीने दोनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती. एखादी असती तर बरं झालं असतं. मी सही केली.

“मग ती कोण?”

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. विस्कटलेल्या केसांनी मुलगी खाली उतरत होती.

“पाहुणी,” ती म्हणाली. “पाहुणी आहे मी.”

चार नंबरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बायकोच्या पाठीकडे बघितलं आणि नियमपुस्तक उघडलं. “पाहुणा साठवणीत चालतो,” ते पानावरून वाचल्यासारखे म्हणाले. “सलग सात दिवस. त्यापुढे निवास धरला जाईल.” त्यांनी माझा कागद पुस्तकात ठेवला आणि ते निघाले.

मुलगी शेगडीजवळच्या शेवटच्या पायरीवर बसली. उद्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट तिच्या पिशवीत होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

“सात दिवस चालतं म्हणाले ना?” तिने विचारलं.

“नियमच आहे तसा,” बायको न वळता म्हणाली.

मुलीने फोन काढला आणि ऑफिसला लावला. “हो, जरा अडचण आहे,” ती गंभीर आवाजात म्हणाली. “घरी महापालिकेचं काम निघालंय. पाहणी वगैरे. आठवडाभर तरी मला इथून हलता येणार नाही.”

मी चपला न घालता बाहेर धावलो. चार नंबर गल्लीच्या टोकाला सायकलवर टांग टाकत होते.

“साहेब! एक विचारायचं राहिलं!” मला धाप लागली होती. “ते सात दिवस. त्यात आल्याचा दिवस धरायचा का?”

ते थांबले. त्यांनी एक पाय जमिनीवर टेकवला, पुस्तक हँडलवर उघडलं आणि एका पानावर सावकाश बोट फिरवायला सुरुवात केली. मी समोर उभा होतो, पान माझ्या बाजूने उलटं होतं, म्हणजे मला अगदी सरळ दिसत होतं. ते पान गटारांच्या झाकणांचं होतं. लोखंडी झाकण, त्याची रुंदी, त्याची जाडी. पाहुण्यांबद्दल त्यावर अवाक्षर नव्हतं.

“आल्याचा दिवस धरत नाहीत,” चार नंबर बोट फिरवत म्हणाले.

“आणि जायचा?”

बोट आणखी दोन ओळी खाली गेलं.

“तोही नाही.”

मी काहीही दुरुस्त केलं नाही. त्यांचा हात हातात घेऊन दाबला आणि सात आणि दोन नऊ, सात आणि दोन नऊ, असं मोठ्याने म्हणत अनवाणी घराकडे पळत सुटलो.